तलंग अंड्यावर येते तेव्हा

कोंबडीच्या वयाप्रमाणे तिला निरनिराळी नावे देण्याची सोय मराठीने करून ठेवली आहे. अंड्याबाहेर पडले की ते पिलू. नरमादी ओळखू येऊ लागली म्हणजे नर तो तलंगा आणि मादी ती तलंग. आणि अंडी घालू लागल्यावर मात्र तिला कोंबडी म्हणावयाचे. तलंग ज्या दिवशी कोंबडी होते त्या दिवसाला घरोघरी ‘अंड्यावर आली’ असा साधा शब्दप्रयोग आहे. सकाळी सरपण काढावयास गेलेल्या बाईला लाकडांच्या आडोशाला एक लहानसे, किंचित लांबट अंडे दिसते, आणि त्या घटकेपासून त्या पक्ष्याची घरातली प्रतिष्ठा पालटते. कालपर्यंत जी पायात घोटाळणारी आणि वाळवणावर तोंड टाकणारी म्हणून हाकलली जात होती, तिच्यापुढे आज मूठभर दाणे अधिक पडतात.

हा मान तिला मिळावा यात वावगे काहीच नाही. तो फार उशिरा मिळतो एवढीच तक्रार आहे. जन्मापासून पहिल्या अंड्यापर्यंत जे पाचसहा महिने जातात, त्यांत तलंग घराला काहीही देत नाही. म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही नसते. वस्तुतः पुढच्या वर्षभरात ती किती अंडी देणार, त्यांची कवचे टणक निघणार की पातळ, आणि मुळात ती स्वतः जगणार की नाही, या सर्वांचा बहुतेक निर्णय याच रिकाम्या दिसणाऱ्या महिन्यांत झालेला असतो. पहिले अंडे हा त्या निर्णयाचा केवळ पुकारा होय.

हा विषय चारदोन हौशी लोकांपुरता आहे असे कोणी समजू नये. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतात सुमारे ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांपैकी जवळजवळ ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले, म्हणजे पिंजऱ्यांच्या कारखान्यांबाहेरचे होते. २०१२ च्या गणनेच्या मानाने परसातल्या पक्ष्यांची ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. शेताचा सातबारा, बैलांची जोडी, दुधाचे खाते ही बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावाने असतात. कोंबड्या मात्र देशाच्या बहुतेक भागांत बाईच्या असतात. मुलाची वही, मीठमिरची, आजारपणातली एखादी बाटली यांसाठी ज्या पैशाचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही, तो पैसा अंड्यांचा असतो. तेव्हा तलंग दोन महिने उशिरा अंड्यावर आली किंवा अंड्यावर येण्याच्या तोंडावर मेली, तर त्याची झळ कोणाला लागते हे वेगळे सांगावयास नको.

प्रथम, ती अंड्यावर येते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. आजच्या साऱ्या कोंबड्यांची मूळ पूर्वज म्हणजे हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांत आढळणारी तांबडी रानकोंबडी. ती वर्षातून एका ठरावीक ऋतूत पाचसहा अंडी घालते आणि त्यांच्यावर बसते. पिले अशा वेळी बाहेर पडली पाहिजेत की किडेमुंग्या आणि कोवळे बी मुबलक असेल. पण तो काळ जवळ आला हे तिला कळावे कसे? पाऊस बेभरवशाचा, थंडी-ऊन मागेपुढे होणारे. वर्षानुवर्षे न चुकणारे एकच मोजमाप निसर्गात आहे आणि ते म्हणजे दिवसाची लांबी. पक्ष्याच्या शरीराने त्याच मोजमापावर भिस्त ठेवली. चमत्कारिक गोष्ट अशी की, हा प्रकाश तो केवळ डोळ्यांनी मोजत नाही. १९३० नंतरच्या दशकात झाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने बदकांवर प्रयोग करून दाखविले की, डोळ्यांचा उपयोग मुळीच होऊ दिला नाही तरी वाढत्या प्रकाशाने त्यांची जननेंद्रिये वाढतात. प्रकाश पातळ कवटीतून थेट मेंदूच्या तळापर्यंत पोहोचतो आणि तिथल्या प्रकाशग्राही पेशी त्याची नोंद घेतात. तेथून निघालेल्या आज्ञा मेंदूखालच्या ग्रंथीला आणि तिच्यामार्फत बीजांडकोशाला पोहोचतात. आंधळी कोंबडी अंडी घालते याचे जुन्या लोकांना जे नवल वाटे, त्याचे उत्तर हे आहे.

मात्र आपल्या देशाचा विस्तार इतका आहे की हे घड्याळ सर्वत्र सारखे चालत नाही. श्रीनगरात सर्वांत लहान दिवस सुमारे दहा तासांचा आणि सर्वांत मोठा साडेचौदा तासांच्या जवळपास असतो. मुंबईत हे अंतर अकरा तास ते सव्वातेरा तास एवढेच राहते. आणि कन्याकुमारीला तर वर्षभरात जेमतेम एका तासाचा फरक पडतो. त्यामुळे काश्मीरच्या किंवा पंजाबच्या अंगणातली तलंग पौषात अंड्यावर येण्याचे टाळते आणि माघ-फाल्गुनात दिवस फुगू लागला की एकदम येते; केरळातली तलंग दिवसाची फारशी वाट न पाहता वय आणि अंगाची भर यांच्या हिशेबाने येते. जी पिले दिवस वाढत असताना मोठी होतात ती लवकर वयात येतात, दिवस घटत असताना मोठी होणारी रेंगाळतात. भाद्रपदात जन्मलेल्या तलंगा मार्गशीर्षापर्यंत रेंगाळतात आणि संक्रांतीनंतर सावकाश अंड्यावर येतात. असे आलेले पक्षी अंगाने भरलेले असल्यामुळे पुढे टिकतातही चांगले.

यावरून काही उत्साही मंडळी वाढत्या तलंगांच्या खुराड्यात रात्री दिवा लावून ठेवतात. विजेचा दिवा हा अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी उपयोगी आहे. उजेड एकूण चौदा ते सोळा तास मिळाला तर तिची अंडी टिकून राहतात. परंतु कोवळ्या तलंगेला अशी घाई करणे म्हणजे मुलीचे बालवयात लग्न लावण्यासारखेच होय. तिच्या कमरेची हाडे अजून फाकलेली नसतात, अंग भरलेले नसते. अंडे येते, पण ते बाहेर टाकताना अंडनलिकेचा शेवटचा भाग अंड्याबरोबर बाहेर पडतो आणि तसाच राहतो. त्याचा लाल रंग पाहून इतर कोंबड्या तेथे चोच मारतात, आणि पक्षी दोन दिवसांत दगावतो. कुक्कुटपालनातला जुना नियम दोनच वाक्यांचा आहे: वाढणाऱ्या तलंगेचा उजेड वाढवू नये, अंडी देणाऱ्या कोंबडीचा उजेड घटवू नये. परसात दिवा नसलेलाच बरा. सूर्य जे करील ते पुरेसे आहे.

वयाचा अंदाज जातीवर अवलंबून आहे. पिंजऱ्यात ठेवली जाणारी पांढरी लेगहॉर्न संकरित जात अठराव्या ते विसाव्या आठवड्यात अंड्यावर येते. गावठी तलंगेला सहा ते सात महिने लागतात. झाबुआकडची काळी कडकनाथही सुमारे सहा महिने घेते. हैदराबादच्या संशोधन केंद्रात परसासाठी तयार झालेली वनराजा या दोहोंच्या मध्ये पडते. पण आठवडे मोजण्यापेक्षा पक्ष्याकडे पाहणे शहाणपणाचे. पहिले चिन्ह तुऱ्यावर दिसते. फिकट, खवलेदार, आखडलेला तुरा तीनचार आठवड्यांत वाढून मऊ, चकचकीत आणि रक्तासारखा लाल होतो; चोचीखाली लोंबणाऱ्या पाळ्याही तशाच रंगतात. दुसरे चिन्ह हात लावून कळते. गुदद्वाराच्या दोन बाजूंना कमरेच्या हाडांची दोन टोके लागतात. तलंगेत त्यांच्यामध्ये एक बोट मावणे कठीण. अंडे जवळ आले की दोन आणि पुढे तीन बोटे सहज मावतात. तिसरे चिन्ह वागणुकीचे. कालपर्यंत हात पुढे करताच पळणारी तलंग आता पाठीवर हात येताच पंख किंचित पसरून खाली दबते. ती कोंबड्याला दिलेली संमती होय. कोंबडा नसला तर मालकिणीच्या हातालाही तीच मिळते. या दबण्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत अंडे येते असा अनुभव आहे. शेवटी ती कोपरे धुंडू लागते. कणगीमागे, गवताच्या गंजीत, पाळण्यावरसुद्धा चढून पाहते आणि एका लांबट, तक्रारीच्या सुरात बोलत राहते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. अंडी येण्यासाठी कोंबडा लागत नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी तितकीच अंडी घालते. ती निर्बीज असतात आणि त्यांतून पिलू निघत नाही, एवढाच फरक. गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात हाच मुद्दा घेऊन, ज्याला दूध चालते त्याला निर्बीज अंडे वर्ज्य मानण्याचे कारण नाही अशा अर्थाचा विचार मांडला आहे. तो पटावा की न पटावा हा प्रत्येकाचा प्रश्न. त्यामागची जीवशास्त्रीय माहिती मात्र अचूक आहे.

अंड्याचा प्रवास फार सुंदर आहे. पक्ष्यांत उडण्यासाठी शरीर हलके राखण्याची काटकसर असल्यामुळे कोंबडीचा डावा बीजांडकोश आणि डावी अंडनलिकाच वाढते, उजवी बाजू खुंटते. बीजांडकोशात हजारो सूक्ष्म बीजांडे जन्मापासूनच असतात. त्यांपैकी काहींची पाळी येते आणि शेवटच्या आठदहा दिवसांत त्यांत पिवळा बलक झपाट्याने साठतो. एका वेळी चारपाच बलक लहानमोठ्या क्रमाने, द्राक्षांच्या घडासारखे लटकलेले असतात. सर्वांत मोठा सुटला की नळीचे फनेलसारखे तोंड तो झेलते. तेथून पुढे सुमारे तीन तास पांढरा बलक चढतो, तासासव्वातासात दोन पातळ पापुद्रे चढतात, आणि मग कवचाच्या पिशवीत तब्बल वीस तास मुक्काम पडतो. एकूण चोवीस ते सव्वीस तास. अंडे बाहेर पडले की साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो. या हिशेबामुळे कोंबडी आज सकाळी आठला अंडी घालत असेल तर उद्या नऊला, परवा दहाला असे पुढे सरकत जाते. दुपार झाली की एक दिवस खाडा पडतो आणि पुन्हा सकाळपासून आरंभ होतो. ‘आज अंडे नाही’ म्हणून कोंबडीवर डूख धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. खेड्यातल्या बायका सकाळी खुराडे उघडण्यापूर्वी कोंबडी चाचपून पाहतात आणि जिच्या पोटात कठीण अंडे हाताला लागेल तिला डालग्याखाली झाकून ठेवतात, म्हणजे अंडे दुसऱ्याच्या कुंपणात जात नाही. रात्रभर कवच चढून सकाळी ते टणक झालेले असते, म्हणूनच ही परीक्षा सकाळी खरी उतरते.

आता चुन्याचा प्रश्न. आणि सर्वांत जास्त चूक येथेच होते. एका मोठ्या अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते. गावठी लहान अंड्यात त्याहून कमी. कोंबडीच्या सबंध सांगाड्यात ते असते सुमारे वीस ग्रॅम. म्हणजे प्रत्येक अंड्यागणिक ती आपल्या हाडांच्या दहाव्या हिश्शाएवढा चुना बाहेर टाकीत असते. पहिल्या अंड्याच्या सुमारे दोन आठवडे आधी तिच्या शरीरात स्त्रीत्वाचे द्रव वाढतात आणि त्यांच्या प्रभावाने मांडीच्या व पायाच्या हाडांच्या पोकळीत एक वेगळेच, सच्छिद्र हाड तयार होऊ लागते. ते भार वाहण्यासाठी नसते. ती कवचासाठी भरून ठेवलेली कोठी असते. रात्री कोंबडी झोपलेली असते, चरत नाही, आणि कवच तर रात्रीच चढते. अशा वेळी पोटातला चुना संपला की या कोठीतून उसनवारी होते. दिवसा खाऊन ती परत भरावयाची. कोठीच भरलेली नसेल तर उसने मूळ हाडातून काढले जाते. पाय लुळे पडून बसलेली, चांगली लाल तुऱ्याची कोंबडी दिसली तर पुष्कळदा हाच हिशेब फसलेला असतो.

चुना द्यावयाचा म्हणून तो पिलांनाही घालावा, हा उलट टोकाचा अविचार होय. वाढत्या पिलाच्या खाद्यात एक टक्का कॅल्शियम पुरते. अंडी देणाऱ्या कोंबडीला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागते. तेवढे पिलाला मिळाले तर त्याची मूत्रपिंडे बिघडतात. यावर परसातला उपाय सोपा आणि कोणत्याही कारखान्याच्या पिशवीपेक्षा चांगला आहे. तुरे लाल होऊ लागले की एका वेगळ्या करवंटीत कुटलेले शिंपले ठेवावेत. किनाऱ्यापासून दूर असेल तर चुनखडीचे बारीक खडे किंवा घरातल्याच अंड्यांची धुऊन, भाजून, चुरलेली टरफले ठेवावीत. दाण्यात मिसळू नयेत. कोंबडीला चुन्याची भूक स्वतंत्रपणे लागते आणि ती तिला कळते. तलंग एखादा कण उचलून टाकून देते, अंड्यावरची कोंबडी संध्याकाळी त्याच करवंटीवर तुटून पडते. कण ज्वारीच्या दाण्याएवढे जाडसर हवेत. पीठ लवकर निघून जाते, जाड कण रात्रभर पोटात राहून हळूहळू विरघळतात आणि नेमक्या वेळी कामास येतात. टरफले चांगली चुरण्याचे कारण एवढेच की, अर्धे टरफल पाहून कोंबडीला अंडे फोडून खाण्याची खोड लागू नये. उन्हाळ्यात धाप लागली की श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड फार निघून जातो, रक्तातला कवचाचा दुसरा घटक कमी पडतो आणि चुना भरपूर असूनही कवच पातळ निघते. त्यावर सावली आणि गार पाणी हेच औषध.

पहिली काही अंडी वेडीवाकडी असतात. कधी कवचाशिवाय, नुसत्या पापुद्र्यातले. कधी बलकच नसलेले लिंबाएवढे. कधी दोन बलकांचे. कवचावर रक्ताची रेघ असलेलेही. यंत्र नवीन आहे, दोन बलक एकदम सुटतात, कधी नळी नुसत्याच निमित्ताने कामाला लागते. पुष्कळ ठिकाणी अशा अंड्यांना अपशकुन मानून कोंबडीच विकून टाकतात. तीन आठवडे धीर धरला तर ती सुधारतात. अंड्यांचे वजनही हळूहळू वाढते, आणि म्हणून पहिल्या दोन महिन्यांतली अंडी उबवणीस ठेवू नयेत. खावीत किंवा विकावीत. पायांचा पिवळा रंग फिकट पडू लागला म्हणजे आजार झाला, हीही एक समजूत आढळते. पिवळ्या पायांच्या जातींत तो रंग बलकाकडे वळवला जात असतो. पाय जितके पांढरे तितकी अंडी जास्त. जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट अशी की, कोंबडीच्या कातडीचा हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबडीकडून आलेला नाही. तो राखी रानकोंबड्याकडून, म्हणजे सह्याद्रीत राहणाऱ्या पक्ष्याकडून आला, असे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. जगभरच्या खुराड्यांत आपल्या डोंगरांतली एवढी एक खूण फिरत आहे.

जागेविषयी फार बोलावयास नको. चारपाच कोंबड्यांना एक पाटी पुरते. ती काळोख्या, उंचवट्याच्या कोपऱ्यात, पेंढा घालून, तुरे लाल होताच ठेवावी. तलंगेने एकदा जागा निवडली की ती सोडत नाही. म्हणून पाटीत एक जुने अंडे किंवा खडूचा अंड्यासारखा गोळा ठेवण्याची युक्ती सर्वत्र आहे.

खरा घात होतो तो आधी. पशुवैद्यकाच्या पुस्तकात राणीखेत आणि गावात मानमोडी म्हणून ओळखला जाणारा रोग एकेका वाडीतले सगळे पक्षी आठवड्यात नेतो. त्याची भारतातली पहिली नोंद १९२० नंतरच्या दशकात कुमाऊँच्या राणीखेतची, आणि त्यावरची टिकाऊ लस १९४० नंतरच्या दशकात जवळच्याच मुक्तेश्वर येथल्या संस्थेत तयार झाली. ही संस्था १८८९ साली प्रथम पुण्यात निघाली होती आणि १८९३ साली मुक्तेश्वरला गेली. ती लस आठव्या ते दहाव्या आठवड्यात टोचावयाची असते; म्हणजे नेमकी त्याच वयात, जेव्हा पिलू गोजिरवाणे राहिलेले नसते आणि तलंग अद्याप उपयोगाची झालेली नसते. टोचणारा येतो तेव्हा अंडी देणाऱ्या कोंबड्या धरून आणल्या जातात आणि तलंगा आंब्यावर बसलेल्या राहतात.

सरकारी मदतीचा ओघही या मधल्या काळापाशी आटत असे. २००९-१० पासून केंद्राच्या परसातील कुक्कुटपालनाच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना चार आठवड्यांपर्यंत वाढवलेली पिले देत. कल्पना योग्यच होती, कारण पहिल्या महिन्यात पिले सर्वांत जास्त मरतात. परंतु चार आठवड्यांपासून पंचवीस आठवड्यांपर्यंत जे एकवीस आठवडे उरतात, त्यांत पक्ष्याला घार, मुंगूस, रोग आणि उपासमार यांतून एकट्याने जावे लागे. वाटलेली पिले मोजणे सोपे असते, कारण ती एका दिवसात वाटली जातात. अंड्यावर आलेल्या तलंगा मोजावयाच्या तर पाच महिन्यांनी पुन्हा त्याच दारात जावे लागते. कोणत्याही खात्याला हा दुसरा फेरा जड जातो. पण योजना फळली की नाही हे सांगणारा आकडा तोच.

या बाबतीत एक जुने उदाहरण आठवणीत ठेवण्याजोगे आहे. तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात आणि आज तामिळनाडूत असलेल्या मार्तंडम येथे १९२० नंतरच्या दशकात स्पेन्सर हॅच यांनी ग्रामसुधारणेचे केंद्र चालविले. तेथे चांगल्या जातीचे कोंबडे देऊन गावठी कोंबड्यांची अवलाद सुधारण्याबरोबरच अंडी गोळा करून विकणारा सहकारी संघ उभा राहिला. पक्षी देऊन लोक मोकळे झाले नाहीत. अंडे बाजारात जाईपर्यंतची वाट त्यांनी बांधली. ज्या घराला अंड्याला गिऱ्हाईक आहे हे ठाऊक असते, ते घर तलंग विकण्याची घाई करत नाही.

ही घाई हे तलंगेचे शेवटचे संकट होय. जत्रा, पाहुणा, फीचा तगादा यांपैकी काहीही आले की घरातून प्रथम तीच जाते, कारण ती अंगाने भरलेली आणि अजून निरुपयोगी दिसते. सहा महिन्यांचा खर्च घराने केलेला असतो आणि पहिले अंडे घेणाऱ्याच्या घरी पडते. विकावयाचेच झाले तर तलंगे विकावेत. दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. तलंग ठेवून तिला त्या शेवटच्या दोन महिन्यांत संध्याकाळी मूठभर भरड, थोडी पेंड किंवा सुकटीचा चुरा घालावा. पेंड बुरसलेली नसावी. १९६० साली इंग्लंडात बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्या विषाचा शोध लागला. वनराजासारख्या अवजड जातीला मात्र मोकळ्या हाताने चारू नये. चरबी साठली की अंडी उशिरा आणि कमी येतात.

गावठी कोंबडी बारापंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग ती खात नाही, पिसे फुगवून बसून राहते, जवळ गेल्यास गुरगुरते. सुधारलेल्या जाती सहसा खुडूक होत नाहीत, म्हणूनच त्या जास्त अंडी देतात. पण त्याचमुळे त्यांची पिले घरी निघत नाहीत आणि दर वर्षी बाहेरून आणावी लागतात. शहाण्या बायकांनी यातून आपला मार्ग काढला आहे. वनराजाची किंवा शेजारच्या चांगल्या कोंबडीची ताजी, सबीज अंडी घेऊन ती खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवावयाची. तिला आपले-परके कळत नाही. सातव्या दिवशी रात्री दिव्यासमोर धरून ज्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत नाही ती अंडी काढून टाकतात, आणि एकविसाव्या दिवशी सकाळी पुढच्या वर्षीच्या तलंगा टरफलाला आतून टोचा मारू लागतात.